‘रफ’ला मराठीत काय म्हणायचं? आधी सांगा, काय रफ आहे

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी इंग्लंडमधल्या बेघर लोकांवरच्या एका अहवालाचा अनुवाद करत होते. ‘रफ स्लीपर्स’ हा शब्द त्यात पानोपानी होता. मुदत संपत आली होती, डोळे मिटत होते, आणि मी ‘अस्वस्थ झोप घेणारे’ असं लिहून मोकळी झाले. एकदा नाही, चौदा ठिकाणी. दुसऱ्या दिवशी काम तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, या लोकांना झोपेच्या गोळ्या द्यायच्यात की डोक्यावर छप्पर?”

‘रफ स्लीपर’ म्हणजे उघड्यावर झोपणारा. फुटपाथवर, पुलाखाली, दुकानाच्या पायरीवर. झोप गाढ लागली की नाही, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

तेव्हापासून या चार अक्षरी... नाही, इंग्रजीत पाच अक्षरी आणि मराठीत दोन अक्षरी शब्दाशी माझी झटापट सुरू आहे. नौपाड्यातल्या घरी रविवारी सकाळी अनुवाद शिकायला काही मुलं येतात. दर वर्षी त्यातलं कुणीतरी विचारतंच, “ताई, ‘रफ’ला नेमका मराठी शब्द कोणता?” मी उलट विचारते, “काय रफ आहे?” टॉवेल, समुद्र, वही, माणूस की हिशोब? हा लेख त्या उत्तराचा लांबलचक अवतार आहे. अनुवाद करणाऱ्यांना, मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना आणि ऑफिसात इंग्रजी मेल मराठीत करून द्यावी लागणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा.

पहिली पायरी: शब्दावर अंगठा ठेवा

वाक्यात ‘रफ’ आला की त्याच्यावर खरोखरच अंगठा ठेवायचा. शब्द दिसता कामा नये. मग उरलेलं वाक्य मराठीत मनात म्हणायचं आणि मोकळ्या जागी जीभ काय घालते ते ऐकायचं.

समुद्र अंगठा आहे, होड्या बाहेर पडणार नाहीत. खवळलेला. टॉवेल अंगठा झालाय, तोंड पुसवत नाही. खरखरीत. खर्चाचा अंगठा आकडा सांगा. ढोबळ. मी आज अंगठा, ऑफिसला येत नाही. इथे तर विशेषणच नको: ‘मला आज बरं वाटत नाहीये.’

शब्दकोशात ‘रफ’ उघडलात तर वीस प्रतिशब्द ओळीने उभे असतात आणि डोळे पहिल्यावरच थांबतात. तो बहुतेक वेळा ‘खडबडीत’ असतो. अंगठ्याने एवढंच होतं की इंग्रजी विशेषण दिसेनासं होतं आणि त्याच्या पुढचं नाम दिसायला लागतं. मराठी बोलणाऱ्या माणसाला नाम दिसलं की विशेषण आपोआप सुचतं, कारण आपल्याकडे ही विशेषणं नामांना बांधलेली आहेत. समुद्र खडबडीत होत नाही आणि रस्ता खवळत नाही.

ही युक्ती दहापैकी सात-आठ वेळा चालते. कुठे फसते ते पुढे सांगते.

दुसरी पायरी: हाताला लागणारा रफ

हा मूळ अर्थ, आणि इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी एका शब्दावर भागवते तिथे आपल्याकडे निदान सहा शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

तळहात वापरून ठरवा. पृष्ठभागावर बारीक कण आहेत, हात फिरवला की ते कातडीला ओरबाडतात आणि ‘खर्र’ असा आवाज आल्यासारखा वाटतो, तर ‘खरखरीत’. मांजराची जीभ खरखरीत. घोडबंदरच्या सोसायटीत टँकरच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळलेला टॉवेल खरखरीत. दोन दिवसांची दाढीही खरखरीत.

उंचसखलपणा डोळ्यांना दिसतो, पायाला किंवा चाकाला जाणवतो, तर ‘खडबडीत’. पावसाळ्यानंतरचा रस्ता खडबडीत. गिलावा न केलेली भिंत खडबडीत. शाळेच्या विज्ञानात पेशीतली आंतर्द्रव्यजालिका येते, तीही खडबडीत, कारण तिच्यावर रायबोसोमचे दाणे चिकटलेले असतात. दाणे इतके बारीक की हाताला लागण्याचा प्रश्नच नाही, पण चित्रात ते टेंगळांसारखे दिसतात, म्हणून ‘खडबडीत’ शोभतो.

मऊपणा होता आणि तो गेला, किंवा मुळातच जाड आणि निबर आहे, तर ‘राठ’. केस राठ, कातडी राठ, भांडी घासून झालेले हात राठ. एकदा एका क्रीमच्या पाकिटावरच्या मजकुरात ‘रफ स्किन’चं मराठी ‘उद्धट त्वचा’ झालेलं मी पाहिलं आहे. यंत्राने केलेला अनुवाद असणार. माणसाला निदान हसू तरी आलं असतं.

आकारच नीट झालेला नाही, कडा-कोपरे हवे तसे, तर ‘ओबडधोबड’. दगड ओबडधोबड, घाईत केलेली पेटी ओबडधोबड. पाककृतीत कांदा ‘रफली’ चिरायला सांगतात तो हाच. तिथे ‘अंदाजे चिरा’ लिहिणारे महाभाग आहेत. ‘जाडसर चिरा’ म्हटलं की भागतं.

कापड आणि अन्न यांच्यासाठी ‘जाडंभरडं’. दळणासाठी ‘भरड’ किंवा ‘रवाळ’. पण बेसनाच्या लाडवाचं पीठ रवाळ हवं असतं, तो गुण आहे, दोष नाही. इंग्रजीही तिथे सहसा ‘रफ’ म्हणत नाही, ‘कोर्स’ म्हणते. ‘कोर्स’ हा कणांच्या आकाराचा शब्द आहे आणि ‘रफ’ पृष्ठभागाचा. पॉलिश पेपर आणायला गेलात की हा फरक आकड्यात दिसतो. ८० नंबरचा पेपर जाड कणांचा, २२० नंबरचा बारीक. आकडा लहान तेवढा कागद खरखरीत. पहिल्यांदा जाणारा माणूस हटकून उलटा घेऊन येतो.

आयुर्वेदात द्रव्यांचे वीस गुण जोडीजोडीने सांगितले आहेत. त्यात ‘श्लक्ष्ण’ आणि ‘खर’ अशी एक जोडी आहे. श्लक्ष्ण म्हणजे गुळगुळीत, खर म्हणजे खरखरीत. ‘स्निग्ध’ आणि ‘रूक्ष’ ही जोडी वेगळी. म्हणजे कोरडेपणा आणि खरखरीतपणा हे आपल्याकडे फार पूर्वीच वेगळे काढून ठेवलेले आहेत. ‘रफ अँड ड्राय’ असं इंग्रजी जोडीने म्हणतं तेव्हा दोन्हींसाठी ‘रूक्ष’ लिहून काम संपवू नका.

आणि एक सावधगिरी. लादी विकणारा ‘बाथरूमला रफ टाइल घ्या’ म्हणतो तेव्हा तो तुम्हाला पाय न घसरणारी टाइल सांगत असतो. त्याच्या जाहिरातीत ‘खरखरीत लादी’ लिहिलंत तर गिऱ्हाईक पळेल. तिथे ‘न घसरणारी’ हेच लिहायचं. शहाबाद आणि कोटा फरशीच्या बाबतीत मात्र ‘रफ’ आणि ‘पॉलिश’ हे दोन प्रकारच आहेत, दुकानात तसेच मागतात. तिथे शब्दाला हात लावू नये.

तिसरी पायरी: पहिला हात मारलेला रफ

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद केला होता. त्यात ‘रफ मशिनिंग’ होतं. मी ‘खडबडीत यंत्रकाम’ लिहिलं. मालकांनी ते पान लेथवर काम करणाऱ्या टर्नरकाकांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, “या इकडे.”

लेथवर एक लोखंडी गज फिरत होता. काकांनी टूल खोल घातलं, निळसर भुगा वळ्यावळ्यांनी सुटायला लागला, तीन-चार मिनिटांत गज चांगलाच बारीक झाला. यंत्र थांबवून त्यांनी अंगठ्याचं नख जॉबवरून, म्हणजे त्या गजावरून, लांबीच्या दिशेने फिरवलं. मला म्हणाले, “तुम्ही फिरवा.” कंगव्याच्या दात्यांवरून नख न्यावं तसं ते अडखळत गेलं. मग त्यांनी टूल बदललं, अगदी केसभर कट घेतला आणि पुन्हा नख फिरवायला सांगितलं. आता नख सरळ घसरलं. “पहिलं ते रफ, हे फिनिश. पहिल्या वेळी मला खडबडीत करायचं नव्हतं हो. मला मटेरियल उडवायचं होतं. खडबडीत ते आपसूक झालं.”

ड्रॉइंगवर पृष्ठभागाचा खडबडीतपणा मायक्रोमीटरमध्ये लिहिलेला असतो, ३.२ किंवा १.६ वगैरे. तो मोजायचा खडबडीतपणा. ‘रफिंग’ ही मात्र कामाची पायरी आहे. एकाच पानावर एकाच शब्दाचे दोन अर्थ होते आणि मी दोन्हीला एकच मराठी शब्द दिला होता.

तर हा दुसरा मोठा अर्थ: अजून पुरं न झालेलं, पहिल्या टप्प्यातलं. रंगारी म्हणतात तसा ‘पहिला हात’. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द ‘कच्चा’. कच्चा मसुदा, कच्चा खर्डा, उत्तरपत्रिकेतलं कच्चं काम, कच्चा आराखडा, पैलू न पाडलेला कच्चा हिरा. २००३ साली सुरू झालेली किंबर्ली प्रक्रिया ज्या हिऱ्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवते ते हेच. हिरे बाजारात त्यांना सरळ ‘रफ’ म्हणतात. बातमीत ‘कच्चे हिरे’ लिहावं, कारखान्यातल्या माणसाच्या तोंडी ‘रफ’च ठेवावं.

पण ‘कच्चा’ शब्दाला मराठीत दुसरी शेपटी आहे. ‘गणितात कच्चा’ म्हणजे अर्धवट नाही, कमकुवत. ‘कच्ची पावती’ म्हणजे पहिला मसुदा नाही, जिच्यावर कर लागत नाही आणि जी उद्या कुणी मानणार नाही अशी चिठ्ठी. आमच्या सोसायटीच्या रंगकामाच्या वेळी ठेकेदाराने मेलवर ‘रफ एस्टिमेट’ पाठवलं. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर ‘कच्चे अंदाजपत्रक’ लिहिलं. संध्याकाळपर्यंत तीन सभासद ‘पक्कं बिल देणार नाही का तो?’ म्हणून विचारायला आले. ‘ढोबळ अंदाज’ लिहिलं असतं तर जिन्यातली ती सभा टळली असती.

तेव्हा मजकूर, चित्र, हिरा, पायरी यांना ‘कच्चा’, आणि आकडे, अंदाज, कल्पना यांना ‘ढोबळ’ किंवा ‘साधारण’. ‘रफली’ आकड्याच्या आधी आला की ‘सुमारे’, ‘साधारण’, ‘जवळपास’. बोलण्यात ‘-एक’ लावून टाका, पन्नासेक माणसं, दहाएक वर्षं. एवढंच बघा की ढोबळ म्हटल्यावर पुढचा आकडाही ढोबळ असावा. ‘सुमारे ४,३७,२५० रुपये’ असं कुणी लिहिलं की मला त्या सुमारेची दया येते.

चौथी पायरी: समुद्र आणि हवा

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जाऊन ‘समुद्र खडबडीत आहे’ म्हणून बघा. पण हे वाक्य मी छापलेलं वाचलं आहे, एका हवामानाच्या इशाऱ्यात.

हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात ‘रफ टू व्हेरी रफ सी’ असं येतं तेव्हा तो मोजलेला शब्द असतो. समुद्राची स्थिती सांगण्याच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत लाटांची उंची १.२५ ते २.५ मीटर असेल तर ‘मध्यम’, २.५ ते ४ मीटर असेल तर ‘रफ’ आणि ४ ते ६ मीटर असेल तर ‘व्हेरी रफ’. मराठीत ‘खवळलेला’ आणि ‘अतिशय खवळलेला’ हे शब्द रुळलेले आहेत. बदलायचे नाहीत. ‘उधाण’ तर बिलकुल वापरायचं नाही. उधाण हे अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीचं, ते शांत हवेतही येतं. ज्याला दुसऱ्या दिवशी होडी काढायची आहे तो हा इशारा वाचतो, त्याच्यासाठी या दोन शब्दांत फार अंतर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पण ऑगस्टात होड्या निघतात तेव्हाही दर्या निवळलेला असतोच असं नाही.

हवेच्या बाबतीत सोपं आहे. ‘रफ वेदर’ म्हणजे वादळी हवा. विमानाचा प्रवास ‘रफ’ झाला म्हणजे विमान हादरत होतं, हेलकावे खात होतं. ‘रफ लँडिंग’ला मी ‘विमान दाणकन टेकलं’ असं लिहिते. संपादक कधी कधी ते ‘खडतर अवतरण’ करतात. असो.

पाचवी पायरी: माणसं, आवाज, वागणं

इथे आधी एक गोष्ट ठरवावी लागते: लिहिणारा त्या माणसाचं कौतुक करतोय की तक्रार? इंग्रजीत ‘रफ’ दोन्हीकडे चालतो, मराठीत नाही.

कौतुक असेल तर ‘रांगडा’, ‘राकट’. तक्रार असेल तर ‘उद्धट’, ‘दांडगट’, ‘आडदांड’. मुद्दाम नाही, पण हातापायांना आवर नाही, तर ‘धसमुसळा’. हा माझा लाडका शब्द. ज्या मुलाच्या हातून दर दिवाळीला एक तरी पणती फुटते तो धसमुसळा. त्याला उद्धट म्हणणं हा अन्याय. कबड्डीत ‘रफ प्ले’ झाला तर ‘धसमुसळा खेळ’ पुरतो. पंचांनी दंड केला असेल तर ‘दांडगाई’ म्हणा.

आवाजाचे प्रकारही वेगळे. सर्दीने बसलेला ‘घोगरा’, सिगारेटने चिरकलेला ‘खरखरीत’, गाता न येणाऱ्याचा ‘भसाडा’, कानाला टोचणारा ‘कर्कश’. गोष्टीतल्या माणसाचा आवाज ‘रफ’ असेल तर त्याचं वय आणि सवयी आधी बघा, मग शब्द निवडा.

‘रफ अप’ हे क्रियापद बातम्यांत पोलीस, आंदोलनं आणि रिक्षा स्टँड यांच्या आसपास भेटतं. त्याला ‘धक्काबुक्की’ हा तयार शब्द आहे. मारहाण त्याच्यापुढची. रक्त आलं, हाड मोडलं तर इंग्रजीही ‘रफ अप’वर थांबत नाही. तेव्हा बातमी चढवायची म्हणून ‘बेदम मारहाण’ करू नका.

आजारपण आणि वाईट दिवस इथेच उरकते. इंग्लंडचा माणूस ‘फीलिंग रफ’ म्हणतो तेव्हा त्याला कसंतरी होत असतं, अंग मोडून आलेलं असतं, बऱ्याचदा आदल्या रात्रीच्या पिण्यामुळे. ‘रफ नाइट’ म्हणजे डोळ्यांत काढलेली रात्र. ‘रफ पॅच’ला नवरा-बायकोच्या संदर्भात ‘कुरबुरी’, धंद्याच्या संदर्भात ‘पडता काळ’, फलंदाजाच्या संदर्भात ‘धावा होत नाहीयेत’.

सहावी पायरी: अंगठा फसतो ती ठिकाणं

काही शब्दजोड्यांत ‘रफ’ इतका मुरलेला असतो की नाम बघून काहीच कळत नाही. त्या पाठ कराव्या लागतात. माझं चौदा ठिकाणचं पाप याच प्रकारातलं.

‘राइड रफशॉड’ घ्या. पूर्वी बर्फात-चिखलात घोडा घसरू नये म्हणून नालाचे खिळे मुद्दाम बाहेर ठेवत. असा नाल ठोकलेला घोडा म्हणजे रफशॉड. तो कुणाच्या अंगावरून गेला तर काय होईल, ते दिसतंच. आज अर्थ इतकाच की दुसऱ्यांच्या म्हणण्याची, हक्कांची पर्वा न करता पुढे जाणं. मराठीत ‘पायदळी तुडवणं’. घोडा गेला, पाय राहिले, चित्र तेच. अशी जुळणी वारंवार मिळत नाही.

‘रफनेक’ म्हणजे गुंड, हे खरं. पण तेलविहिरीवर ड्रिलिंगच्या फलाटावर पाइप जोडणारा-सोडवणारा कामगारही रफनेकच, आणि त्यात अपमान नाही, तो हुद्दा आहे. आपल्याकडे १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं, उरणला त्याचा मोठा प्रकल्प आहे, नवी मुंबईत रिगवर काम करणारी घरं कमी नाहीत. एका मुलाने वर्गात ‘तेलविहिरीवरचे गुंड’ असं वाचलं आणि शेजारी बसलेली मुलगी लाल झाली. तिचे वडील पंचवीस वर्षं रिगवर होते.

‘रफेज’ म्हणजे अन्नातला चोथा, तंतुमय भाग. डॉक्टरांच्या सल्ल्यात ‘खरखरीत अन्न खा’ आलं तर कुणी खाणार नाही. ‘रफ इट’ म्हणजे गैरसोयीत राहणं, ट्रेकला जाऊन गुहेत झोपणं. ‘रफ अँड रेडी’ म्हणजे दिसायला बेतास बात, पण काम भागवणारं; आपण ‘कामचलाऊ’ म्हणतो, फक्त कामचलाऊत थोडी नाराजी आहे. ‘रफ जस्टिस’ला मी अजून चपखल शब्द शोधते आहे, ‘जागच्या जागी न्याय’ थोडाफार बसतो. ‘रफ डायमंड’ माणसाबद्दल असेल तर वरून ओबडधोबड, मनाने चांगला. फणसासारखा म्हणा. कोकणातल्या वाचकाला अजून एक ओळ वाचावी लागणार नाही.

सातवी पायरी: ‘रफ’ तसाच ठेवायचा कधी

पहिली जागा खेळ. क्रिकेटमध्ये ‘द रफ’ हे नाम आहे. गोलंदाजांच्या बुटांनी यष्टींच्या आसपास उखडलेला खेळपट्टीचा भाग, जिथे चेंडू टाकायला फिरकीपटू टपलेले असतात. डावखुरा वेगवान गोलंदाज असला की उजव्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर तो तयार होतो आणि दुसऱ्या टोकाच्या ऑफस्पिनरची चैन होते. मैदानावरची मुलं ‘रफवर टाक’ म्हणतात. चेंडूचीही एक बाजू पँटला घासून चकचकीत ठेवतात आणि दुसरी रफ होऊ देतात. मी ‘उखडलेला भाग’ एकदा लिहिते आणि पुढे ‘रफ’ चालू ठेवते. गोल्फमध्ये ‘रफ’ म्हणजे कापलेल्या हिरवळीच्या कडेचं वाढलेलं गवत. खारघरच्या गोल्फ कोर्सवर खेळणारे पाच टक्के वाचकही नसतील, त्यांना तो माहीत असतो आणि बाकीच्यांना ‘वाढलेलं गवत’ पुरतं.

दुसरी जागा जास्त गमतीची. मराठीने ‘रफ’ घेतला आणि स्वतःच्या सोयीने वापरला. ‘ही साडी आता रफला ठेव.’ ‘चांगले बूट कशाला, रफचे घाल.’ हा ‘रफ’ इंग्रजीत नाहीच. इथे रफ म्हणजे रोजच्या, राबवायच्या वापराचं; साडी रेशमासारखी मऊ असली तरी ती रफची असू शकते. उलट अनुवाद करताना हे लक्षात ठेवा. मराठी कथेतली रफची साडी इंग्रजीत ‘रफ’ केली की वाचणाऱ्याला गोणपाट दिसेल. ‘एव्हरीडे’ म्हणा. ‘रफ वही’ ब्रिटिश माणसाला कळते, अमेरिकन मात्र गोंधळतो; तो कच्च्या कामाच्या कागदाला ‘स्क्रॅच पेपर’ म्हणतो.

आठवी पायरी: सगळं एकत्र करून बघा

वर्गात शेवटी मी एक उतारा देते. मीच रचलेला आहे. मतितार्थ असा: आजोबांचे हात रफ होते, आवाज त्याहून रफ. समुद्रावर त्यांचं आयुष्य रफ गेलं. ‘रफली’ वर्षातून एकदा ते त्याबद्दल सांगायचे, रफ इंग्रजीत.

अंगठा ठेवत गेलं की हे मिळतं: ‘आजोबांचे हात राठ होते, आवाज त्याहून घोगरा. आयुष्य दर्यावर, हालअपेष्टांत गेलेलं. वर्षाकाठी एखाद्या वेळी ते त्याबद्दल सांगायचे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.’ प्रत्येक शब्द बरोबर आहे. पण मूळ उताऱ्यात एकच शब्द पाच वेळा आपटतो, ती ठक-ठक इथे गेली. त्यातच ‘हात राठ, आवाज त्याहून घोगरा’ ही तुलना लंगडी झाली, कारण राठ आणि घोगरा यांना एका तराजूत घालता येत नाही.

इथे शब्दाचा इतिहास कामी येतो, म्हणून तो शेवटी ठेवला. ‘रफ’च्या स्पेलिंगमधल्या शेवटच्या दोन अक्षरांचा उच्चार पूर्वी ‘फ’ नव्हता. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘रूह’सारखा होता आणि त्यातला ‘ह’ घशातून खरवडत यायचा, आपल्या ‘ख’च्या जवळचा. जर्मनमध्ये त्याचा भाऊ अजून ‘राउ’ म्हणून आहे. १९९६च्या लेखनसुधारणेपर्यंत त्याच्या शेवटी ‘ह’चं अक्षरही लिहीत. इंग्रजीत तो खरवडणारा आवाज पुढे काही शब्दांत ‘फ’ झाला, जसा ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’मध्ये, आणि ‘दो’, ‘थ्रू’मध्ये नुसता गळून पडला. स्पेलिंग मात्र सगळ्यांची तशीच राहिली, आणि पाचवीची मुलं ती घोकत बसतात.

हे मी सांगत होते तेव्हा रिगवाल्या वडिलांची ती मुलगी वहीत काहीतरी खोडत होती. म्हणाली, “ताई, मग सगळीकडे ‘ख’ आणला तर?” आणि वाचलं: ‘आजोबांचे हात खरखरीत, आवाज त्याहून खरखरीत. दर्यावरचं आयुष्य खडतर. वर्षाअखेरीला एकदा ते त्याबद्दल सांगायचे, खडबडीत इंग्रजीत.’

तुलना सरळ झाली आणि ठक-ठकही परत आली. ‘खडबडीत इंग्रजी’ असं मी एरवी कधी लिहिलं नसतं, पण त्या ओळीत ते ऐटीत बसलं होतं. मी फक्त ‘वर्षाअखेरीला’वर लाल पेन चालवलं. आजोबा वर्षातून साधारण एकदा सांगायचे. ते मार्चातही असेल, गणपतीतही. ती म्हणाली, “पण मग तिथला ख जातो.” जाऊ दे म्हटलं, आणि ‘वर्षाकाठी एकदा’ लिहून दिलं.